दोन ग्रामसभांमधली शिव (हद्द) : रिठी गावाचे जंगल दोघांच्याही पट्ट्यात आले आहे, मार्ग काय?

वनहक्क_सचिव

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या दोन लगतच्या ग्रामसभांचा प्रश्न आहे. गावांची नावे देत नाही, कारण वाद आधीच तापलेला आहे. पूर्वेच्या गावाला अ म्हणू, पश्चिमेच्या गावाला ब.

दोघांच्या मधे एक रिठी गाव आहे. वस्ती फार पूर्वी उठली, महसुली दप्तरात नाव उरले आहे. त्याच्या डोंगराच्या उतारावरचे जंगल दोन्ही गावे आपले मानतात. अ ला सामूहिक वनसंसाधनाचा पट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याखाली गावाचे जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मान्य करणारा दाखला, आधी मिळाला. ब चा दावा दोन वर्षांनी मंजूर झाला आणि त्यातही जंगलाच्या त्याच एका तुकड्याचा, म्हणजे वनविभागाच्या कक्षाचा, क्रमांक आला. म्हणजे एकच कक्ष दोन पट्ट्यांवर आहे. दर मे महिन्यात तेंदूपानांच्या तोडणीच्या वेळी भांडण ठरलेले. गेल्या हंगामात ब ची माणसे पानांचे पुडे घेऊन आपल्या फळीवर (पुडे मोजून घेण्याच्या जागी) निघाली असता अ च्या पोरांनी वाटेत पुडे काढून घेतले आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

विचारायचे ते असे. एक, कोणता कागद निर्णायक धरायचा? दोन, थेट उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जावे की आधी गावपातळीवर बसावे? तीन, निकाल लागेपर्यंत मे महिना थांबणार नाही, तेव्हा तेंदूचे काय करायचे? आणि चार, ब च्या बाजूला अ मधल्या काही कुटुंबांची मोहाची झाडे आहेत. रेषा पक्की झाली तर ती जातील या भीतीने अ ची वडीलधारी माणसे बोलणीच नको म्हणतात.

निस्तार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचे उत्तर नियमातच आहे. वनहक्क नियम २००८, २०१२ च्या दुरुस्तीसह, नियम १२ (३) वाचा. दोन गावांच्या पारंपरिक हद्दीबद्दल परस्परविरोधी दावे असतील, किंवा एकच जंगल एकाहून जास्त ग्रामसभा वापरत असतील, तर त्या गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचे स्वरूप तपासायचे आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचे. तिथे जमले नाही तरच ग्रामसभेने प्रकरण उपविभागस्तरीय समितीकडे पाठवायचे. गावपातळीची पायरी गाळून वर गेलात तर संयुक्त बैठकीचे इतिवृत्त मागितले जाते आणि प्रकरण खाली परत येते. एक पूर्ण हंगाम त्यातच जातो.

नियमातले शब्द नीट बघा. तपासायचे आहे ते वापराचे स्वरूप. कोणाचे आजोबा आधी आले याचा निवाडा करायला सांगितलेले नाही. बहुतेक बैठका पहिल्या तासातच या फरकावर अडखळतात, आणि मग कोणाच्या पूर्वजाने कोणाला जंगल दिले यावर रात्र जाते.

कागदांबद्दल. निर्णायक असा एकही कागद तुम्हाला सापडणार नाही, हे आधीच धरून चला. प्रत्येकाचे वजन वेगळे आहे.

निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाचे रूढ हक्क लिहिलेला जुना दस्त) हे जुन्या मध्यप्रांताच्या जिल्ह्यांचे मोठे धन. मालगुजारी आणि जमीनदारी १९५० च्या कायद्याने गेल्यावर निस्तारपत्रके झाली आणि कोणत्या गावाने सरपण, इमारती लाकूड, चराई, बांबू कुठून घ्यायचा हे त्यात लिहिले गेले. तुमच्या प्रकरणात रिठी गावाचे निस्तारपत्रक आधी काढा, ते सगळ्यात महत्त्वाचे. त्यात बहुधा शेजारच्या गावांची नावे मिळतील, एकाचे किंवा दोघांचेही. पण निस्तारपत्रक वापर सिद्ध करते, हद्द नाही. दोन्ही गावांची नावे असली तर ते भांडण मिटवायला उपयोगी आहे, जिंकायला नाही. नक्कल तहसील किंवा जिल्हा अभिलेख कक्षातून मागा, आणि अर्जात रिठी गावाचे नाव जुन्या आणि नव्या दोन्ही उच्चारांनी लिहा. जुन्या दप्तरात नाव वेगळे लिहिलेले असले की ‘अभिलेख आढळत नाही’ असे उत्तर येते.

महसुली गावनकाशावर फार विसंबू नका. राखीव वन बऱ्याच ठिकाणी गावनकाशाच्या बाहेरच आहे, आणि महसुली शिव ही पारंपरिक शिव असेलच असे नाही. महसुली शिवेचा वाद जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १३३ आणि १३५ खाली चालतो. तो वेगळा रस्ता आहे. त्यात शिरलात तर मोजणी होईल, फी जाईल, पण वनहक्काचा प्रश्न जागेवर राहील.

कक्ष क्रमांक ही वनविभागाने कामाच्या सोयीसाठी पाडलेली वाटणी आहे. एक कक्ष दोनतीनशे हेक्टरांचाही असतो आणि गावाच्या वापराशी त्याचा संबंध असेलच असे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये हक्क मिळाले, त्यानंतर दावे मोठ्या संख्येने आले. पुष्कळ दाव्यांत शिवारफेरी, म्हणजे हद्दीवरून प्रत्यक्ष चालून पाहणी, न करता नुसते कक्ष क्रमांक भरले गेले. एकच कक्ष दोन पट्ट्यांवर येण्याचे मूळ बहुतेक वेळा हेच असते, त्यात कोणा गावाची लबाडी असेलच असे नाही. बैठकीच्या सुरुवातीला हे मोठ्याने सांगा. निम्मा राग उतरतो.

नकाशेकर

निस्तार यांच्याशी सहमत. शिवारफेरीचे तपशील देतो, कारण चुका तिथे होतात.

वेळ : धानाची मळणी आटोपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीत पानगळ झालेली असते, त्यामुळे डोंगरधार लांबून दिसते आणि जीपीएसला आभाळही मोकळे मिळते. मार्चच्या अखेरीस मोह सुरू झाला की फेरीला माणूस मिळत नाही.

आधी वेगवेगळी फेरी करा, मग संयुक्त. थेट संयुक्त फेरी केली तर पहिल्या वादाच्या दगडापाशीच माणसे थांबतात आणि तिथूनच परत फिरतात. अ ने आपली रेषा आपल्या मनाने चालून नोंदवावी, ब ने आपली. दोन्ही रेषा एका नकाशावर टाका. मधे जी पट्टी उरते तोच खरा वाद. सगळा कक्ष वादात आहे असे वर्षानुवर्षे बोलले जाते आणि दोन रेषा टाकल्यावर वादाची पट्टी त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीही भरत नाही, असे पुष्कळदा होते.

संयुक्त फेरीत प्रत्येक गावातून सात जण पुरे : दोन म्हातारी माणसे, जंगलात जाणाऱ्या दोन बाया, एक गुराखी, वनहक्क समितीचा सचिव आणि यंत्र धरणारा एक. पंचवीस-तीस जण गेले की फेरीचा मोर्चा होतो. नियम १२अ प्रमाणे वनविभागाला आणि महसूल विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. त्यांच्या माणसांनी हजर राहून सही करायची आहे. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी परत येतो. दुसऱ्या खेपेलाही आले नाहीत तर ग्रामसभेचा पडताळणीचा निर्णय अंतिम. म्हणून पहिल्या पत्राची पोच सोन्यासारखी जपा.

प्रत्येक वळणावर एक बिंदू. नोंदवहीत बिंदूचा क्रमांक, जागेचे नाव अ च्या बोलीत आणि ब च्या बोलीत (एकाच टेकडीची दोन नावे असतात, निम्मे गैरसमज तिथले), अक्षांश-रेखांश दशांश अंशांत पाच स्थळांपर्यंत, फोटो कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते, आणि दोन्हीकडच्या एकेकाची सही किंवा अंगठा. यंत्र सुरू केल्या केल्या आकडा लिहू नका. एकदोन मिनिटे थांबा, यंत्र दाखवते ती अचूकता पाच मीटरच्या आत आली की लिहा. दाट बांबूत ती येत नाही, तेव्हा जवळच्या मोकळ्या जागेचा बिंदू घ्या आणि तिथून अंतर व दिशा लिहा.

अचूकता का महत्त्वाची ते आकड्यात बघा. रेषा ४ किलोमीटर लांब असेल आणि सगळीकडे १० मीटरने सरकली, तर ४ हेक्टर इकडचे तिकडे होतात. आणि १:५०,००० च्या नकाशावर पेनाची १ मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५० मीटर असते. त्याच ४ किलोमीटरवर ती २० हेक्टर झाकते. म्हणून अशा नकाशावर हाताने रेघ ओढून ‘हीच शिव’ म्हणणे म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. संगणकावर क्षेत्र काढताना गडचिरोलीसाठी यूटीएम (नकाशाची मीटरमधली मोजपद्धत) विभाग ४४ उत्तर निवडा. मोबाइलच्या दोन ॲपांनी दोन क्षेत्रफळे दाखवली म्हणून बैठक मोडू देऊ नका. एकच पद्धत आधी ठरवा.

शिवेसाठी काय निवडावे? डोंगरधार सगळ्यात टिकाऊ, कारण पाणी कुठे उतरते हे दोन्ही गावांना दिसते. नाला धोक्याचा, पात्र सरकते. नाला घ्यायचाच असेल तर ‘मधली धार’ असे न लिहिता काठावरचे न हलणारे खडक बिंदू म्हणून घ्या. झाड एकटे कधीही घेऊ नका. वठते, वणव्यात जाते, कोणी तोडते. झाड घेतलेच तर त्याच्या दोन बाजूंना दगड रोवून त्यांचेही बिंदू घ्या. वनविभागाचे जुने मुनारे (हद्दीचे खांब) वाटेत भेटतील, त्यांचे क्रमांक नोंदवा, पण त्यांनाच गावाची शिव समजू नका.

मोहफूल

सचिवदादा, तुमचा चौथा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आहे, तो सगळ्यात आधी सोडवा. मोहाच्या झाडांची भीती मनात असेपर्यंत अ ची म्हातारी माणसे कुठलीही रेषा मान्य करणार नाहीत, आणि त्यांची भीती खरी आहे. एका घराला मार्च-एप्रिलमध्ये पाचसहा झाडांचा मोह मिळतो तो त्या घराचा रोकडा पैसा असतो.

शिव ठरते ती व्यवस्थापनाची : राखण कोणी करायची, बांबू कधी तोडायचा, वणवा कोणी विझवायचा, तेंदूचा लिलाव कोणी करायचा. वापराचा हक्क त्या रेषेवर थांबत नाही. कायद्यात दोन्ही वेगळे आहेत. सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन कलम ३ (१) (झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतले आय. निस्तार, गौण वनोपज, चराई, मासेमारी हे हक्क त्याच कलमाच्या आधीच्या खंडांत. वनसंसाधनाचा दावा नमुना ‘क’ मध्ये असतो आणि त्यातच लगतच्या गावांचा रकाना आहे. दुसऱ्या गावाशी साधने आणि जबाबदाऱ्या कशा वाटून घेतल्या जातात ते तिथे लिहिता येते. पुष्कळ दाव्यांत तो रकाना फक्त चार गावांची नावे टाकून संपवलेला असतो. तुमच्या दोघांचे नमुने काढून बघा.

म्हणून रेषेच्या आधी वापराची यादी. दोन्ही गावांनी वेगवेगळी करायची आणि बायांची बैठक वेगळी घ्यायची. पुरुषांच्या यादीत बांबू, तेंदू, लाकूड येते. बायांच्या यादीत वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी), चारोळी, डिंक, झाडूचे गवत, सरपणाची वाट आणि उन्हाळ्यातला पाण्याचा झरा येतो. प्रत्येक वस्तूपुढे लिहा : कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, किती घरे, दुसऱ्या गावाचे कोण येते का. यादी पूर्ण झाली की दिसते, बाकी सगळे दोघे मिळून अनेक वर्षे घेत आहेत आणि भांडण फक्त तेंदू आणि बांबूचे आहे. जिथे लिलावाचा पैसा आला तिथेच रेषा हवीशी झाली.

मोहाच्या झाडांची नोंद झाडागणिक करा. झाडाचा बिंदू, कोणत्या घराचे, किती पिढ्यांपासून. आणि तीन गोष्टी स्पष्ट लिहा. फुलांचा हक्क त्या घराचा, टोळीचाही (मोहाच्या फळ-बियांचाही) त्याच घराचा की ज्या गावची हद्द त्याचा? झाड पडले तर लाकूड कोणाचे? आणि झाडाखाली पाला जाळायचा की झाडायचा? हा तिसरा प्रश्न विसरला जातो. अ च्या घराने पाला जाळला, आग ब च्या राखलेल्या बांबूत गेली, की सगळा समझोता त्या एका दुपारी संपतो. जाळायचे नाही, झाडून बाजूला करायचे, हे लेखी घ्या.

आणखी एक. ब मध्ये सून म्हणून आलेल्या, माहेर अ चे असलेल्या बाया शोधा. त्यांना दोन्ही गावांची नावे, दोन्ही वाटा ठाऊक असतात आणि दोन्हीकडे त्यांचे ऐकले जाते. फेरीत अशा दोघी तरी असू द्या.

पुराव्यासाठी म्हाताऱ्यांचे जबाब घ्याल तेव्हा तिसऱ्या गावाचेही घ्या. नियम १३ मध्ये दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला आहे. इथे दोन्ही गावे दावेदार आहेत, तेव्हा शेजारच्या तिसऱ्या गावचा गुराखी किंवा जुना वनमजूर काय सांगतो याला वजन. त्याला ‘शिव कोणाची’ असे विचारू नका. मसणवट कुठे, देवस्थान कोणाचे, रोगराई शिवेपार सोडताना कोणते गाव कुठपर्यंत जायचे, गुरे कुठून परत फिरायची, असे विचारा. दोन्ही गावे एकाच दगडापाशी थांबत असतील तर पिढ्यांपासूनची शिव तिथे उभी आहे.

वनहक्क_सचिव

मनापासून आभार. यादीची कल्पना दोन्ही गावांत मांडतो. दोन अडचणी. अ ची तरुण मुले म्हणतात, ‘आमचा पट्टा आधीचा, मग बसायचेच कशाला?’ आणि ब चा एक टोला (वेगळी वस्ती) पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, स्वतंत्र गाव व्हायच्या मार्गावर आहे. वादाच्या पट्टीत जास्त वावर त्याच टोल्याचा. त्यांना कुठे बसवायचे? तेंदूबद्दल अजून कोणी लिहिले नाही.

फळी_मुनशी

तेंदूचे मी सांगतो. हंगाम उणापुरा दोनतीन आठवड्यांचा. मे महिन्यात ठरवायला बसलात तर उशीर झाला. लिलावाच्या जाहिरातीच्या आधी लेखी करार हवा, म्हणजे जानेवारीत.

वादाच्या पट्टीसाठी तिसरी, संयुक्त फळी ठेवा. अ ची फळी वेगळी, ब ची वेगळी, आणि वादाच्या पट्टीतला प्रत्येक पुडा, तोडणारा कोणत्याही गावचा असो, संयुक्त फळीवरच. दोन मुनशी (पुडे मोजून लिहिणारे), प्रत्येक गावचा एक, आणि वही एकच, कार्बन लावून दोन प्रती. आपल्याकडे पुडा ७० पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. रोज संध्याकाळी दोघांनी बेरीज करून सही करायची. दुसऱ्या दिवसावर टाकलेली बेरीज कधी जुळत नाही.

ठेकेदार दोन्ही ग्रामसभांचा एकच असेल तर उत्तम. वेगवेगळे असतील तर संयुक्त फळीसाठी एक आधी ठरवा आणि दुसऱ्याच्या करारनाम्यात ती फळी वगळल्याचे लिहून घ्या. हे केले नाही की दर जास्त देणारा ठेकेदार माणसांना ‘तिकडचा पुडा इकडे आणा’ म्हणून सांगतो आणि भांडण गावांचे दिसते.

पैसा दोन प्रकारचा. मजुरी तोडणाऱ्याची, ती थेट त्याच्या खात्यात, तिच्यात वाटा नाही. रॉयल्टी ग्रामसभांची, तिचे प्रमाण आधी ठरवा. निम्मे-निम्मे सोपे, पण एका गावाची घरे दुप्पट असतील तर दुसऱ्याच वर्षी कुरकुर होते. तोडणाऱ्या कुटुंबांच्या प्रमाणात वाटणी जास्त टिकते. समजा संयुक्त फळीवर ४० गोणी भरल्या आणि रॉयल्टी गोणीला ४,००० रुपये ठरली, तर १,६०,००० रुपये. अ ची ६२ कुटुंबे आणि ब ची ३८ असतील तर ९९,२०० आणि ६०,८००. कुटुंबांची यादी हंगामाआधी दोन्ही ग्रामसभांत वाचून गोठवा. हंगामात नवे नाव घालायचे नाही.

आणि पुडे हिसकण्याबद्दल एक कलम : कोणीही कोणाचा माल काढून घेणार नाही. शंका आली तर जागेवर दोन्ही गावांच्या एकेकाने पंचनामा करायचा, माल तोडणाऱ्याकडेच राहील, फळीवर जाईल, वहीत ‘वादग्रस्त’ असा शेरा पडेल, आणि रॉयल्टी तेवढी रोखून ठेवायची. पान उन्हात वाळवायचे असते, ते अडवून ठेवले की कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

निस्तार

अ च्या मुलांना सांगा, आधीच्या पट्ट्यामुळे नंतरच्या गावाचा पारंपरिक हक्क संपत नाही. पट्टा हक्क मान्य करतो, हक्क त्याआधीपासून असतो. अ ला आधी मिळाला याचा अर्थ अ ने अर्ज आधी केला इतकाच. दुसरी बाजूही सांगा : वाद मिटला नाही तर बांबूचा आणि तेंदूचा ठेकेदार त्या कक्षाला हात लावायला कचरतो. आणि हाणामारीची वेळ आली तर कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४५ खाली, कारवाई करू शकतात. त्यात हक्क कोणाचा हे ठरत नाही, ताबा कोणाचा एवढेच बघतात, आणि जागा जप्त झाली तर हंगाम दोघांचाही जातो.

टोल्याबद्दल. पेसाच्या २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे तो स्वतंत्र गाव झाला की त्याची ग्रामसभा वेगळी होईल. तेव्हा आजच त्याला ब च्या शेपटाला न बांधता तिसरा पक्ष म्हणून बसवा. वनहक्क समितीत त्यांचे सदस्य नसतील तर निमंत्रित म्हणून. नाहीतर अ आणि ब सह्या करतील आणि टोला वेगळा झाल्यावर ‘आम्हाला विचारलेच नाही’ म्हणेल. ते खरेही असेल.

समझोता झाल्यावर तो दोन्ही ग्रामसभांत वेगवेगळा मंजूर करा. गणपूर्ती एकूण सदस्यांच्या निम्मी आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला. एवढी हजेरी जमणार नसेल तर सभा तहकूब करा. कमी हजेरीत ठराव घेऊन ठेवू नका, पुढे हरकत घेणारा तीच सही-पत्रिका दाखवतो. ठरावात दोन्ही रेषांचे बिंदू, मान्य रेषा, वापराची यादी आणि मोहाच्या झाडांची यादी जोडपत्र म्हणून लावा. मग दोन्ही ठराव एकत्र जोडून उपविभागस्तरीय समितीमार्फत जिल्हास्तरीय समितीकडे पट्टा दुरुस्तीचा अर्ज करा, कारण मंजुरी तिचीच होती. दुरुस्तीत क्षेत्रफळ आणि चतुःसीमा दोन्ही बदलून मागा. नुसता कक्ष वगळून मागितला तर पुढे वेगळाच घोळ होतो, कारण अ चा कक्षातला निर्विवाद भागही त्यासोबत जातो.

समझोता झाला नाही तर नियम ६ प्रमाणे ग्रामसभांमधल्या वनहक्काच्या वादांवर सुनावणी घेणे उपविभागस्तरीय समितीचे कामच आहे. जाताना संयुक्त बैठकीचे इतिवृत्त आणि दोन रेषांचा नकाशा घेऊन जा. तिच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. अनुसूचित क्षेत्रात त्यापुढे विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय २०२० पासून आहे.

तंटामुक्ती समितीला बोलवा, पण तिच्यावर निकाल सोपवू नका. ती गावातल्या तंट्यांसाठी आहे. दोन गावांच्या वादात एका गावची समिती कितीही चांगली असली तरी दुसऱ्याला परकीच.

नकाशेकर

सही झाल्यावर काय बिघडते ते थोडक्यात, कारण तिसऱ्या वर्षी मोडलेले समझोते बरेच.

दंडाचा दर. आपल्या माणसाला ५० रुपये आणि शेजारच्याला ५०० असे कुठल्याही गावाच्या नियमात असेल तर आधी काढा. एकाच चुकीला एकच दंड, आणि दंड संयुक्त खात्यात, पकडणाऱ्या गावाला नाही. पकडण्यात कमाई दिसली की राखण संपते.

संयुक्त समिती. दोन्हीकडून पाच-पाच, प्रत्येकी दोन तरी बाया, टोल्याचे दोन. अध्यक्ष सहा महिन्यांनी आलटून-पालटून. तक्रार आल्यापासून सात दिवसांत बसायचे असे बांधून घ्या. खात्यावर दोन्ही गावांची एकेक सही.

वणवा. मान्य शिवेवरच जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेली पट्टी) घ्या, दोन्ही गावांनी मिळून, १५ फेब्रुवारीच्या आत. त्यानंतर आगीचा हंगाम धरतात, १५ जूनपर्यंत. शिवेवरची जाळरेषा दुहेरी कामाची. आग थांबते आणि दर वर्षी शिव दोघांच्या पायाखालून जाते. रेषेवर कोणता भाग कोणी साफ करायचा ते बिंदू क्रमांकाने वाटा, ‘अर्धे-अर्धे’ असे लिहू नका. चढाचा अर्धा आणि सपाटीचा अर्धा सारखा नसतो.

कागद. मूळ प्रती चार : दोन्ही ग्रामसभा, टोला आणि तालुक्याच्या वनहक्क कक्षात एक. नोंदवहीचे फोटो काढून ठेवा, वाळवी लागते. सचिव बदलला की पहिल्या महिन्यात त्याला पूर्ण रेषा चालवून दाखवायची, हे कलम करारातच टाका.

मोहफूल

एक राहिले. पहिली संयुक्त बैठक अ मध्येही नको, ब मध्येही नको. रिठी गावात, जुन्या देवस्थानाजवळ सावली असेल तिथे घ्या. स्वयंपाक दोन्ही गावांनी मिळून करायचा, तांदूळ दोन्हीकडचा. सकाळी १० ला सुरू करा आणि अंधाराच्या आत उठा. रात्रीच्या बैठकीत बाया थांबू शकत नाहीत आणि मोहाची दारू पोचते. पहिल्या दिवशी रेषेचा विषय काढूच नका, फक्त वापराची यादी वाचा. दोन्ही याद्या एकाच फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि ज्या वस्तू दोन्हीकडे आहेत त्यांच्यावर खूण करत जा. तारीख ठरली की इथे कळवा, वापराच्या यादीचा कोरा तक्ता टाकते.

वनहक्क_सचिव

दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांच्या अध्यक्षांशी आज बोललो. अ चे अध्यक्ष मोहाच्या झाडांची नोंद आधी होणार असेल तर बसायला तयार आहेत. टोल्यातून दोन बाया आणि एक गुराखी येतील. रिठी गावाच्या निस्तारपत्रकाच्या नकलेचा अर्ज सोमवारी देतो, दोन्ही उच्चार लिहून. मोहफूल ताई, तक्ता लगेच टाकला तर बरे, बायांची बैठक ब मध्ये याच आठवड्यात आहे.